बाळाला पहिले व्हिएतनामी शब्द कसे शिकवावेत? (घरात मराठी + सायगॉनकडची व्हिएतनामी)

मेकाँगची_सून

नमस्कार मंडळी. मी मूळची कोल्हापूरची, नवरा व्हिएतनामी, त्याचं गाव मेकाँगच्या खोऱ्यात कान थो, आणि आम्ही राहतो सायगॉनला म्हणजे कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी पण इथे बोलताना सगळे सायगॉनच म्हणतात. लेक दहा महिन्यांची आहे, बा-बा मम-मम चालू झालंय. मी तिच्याशी मराठीच बोलते, नवरा व्हिएतनामी, सासूबाई आल्या की त्याही व्हिएतनामीच.

मला बाजारापुरती, शेजारपाजाऱ्यांपुरती व्हिएतनामी येते पण सूर अजून पक्के बसलेले नाहीत. एकच अक्षर चढवलं की एक अर्थ आणि उतरवलं की दुसरा, हे डोक्याला कळतं पण तोंडाला कळत नाही. मग मी बाळाशी खेळताना व्हिएतनामी शब्द बोलावेत की अजिबात नाही? तिच्या कानावर चुकीचा सूर पडेल ही खरी धास्ती आहे. सुरुवात कोणत्या शब्दांनी करतात इथली माणसं? आणि दुकानातून चित्रांची पुस्तकं आणली तर त्यातले अर्धे शब्द सासूबाई म्हणतात "हे आमचे नाहीत, हे हनोईचे". मग कोणते धरायचे? कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

हनोई_डायरी

अगं छान धागा काढलास. आमचा मुलगा हनोईत असतानाच बोलायला लागला, आम्ही दोघंही मराठी पण दिवसभर सांभाळायला एक बाई होत्या त्यामुळे त्याची पहिली व्हिएतनामी त्यांची.

तू विचारतेस सुरुवात कशाने, तर तिथे सुरुवात रंग, फळं, प्राणी असल्या कशानेच होत नाही. सुरुवात होते 'आ' ने. हा 'आ' छोटा, जड, घशात दाबल्यासारखा, वाक्याच्या शेवटी मोठ्यांशी बोलताना लावतात आदरासाठी. बाळ नीट बसायला लागलं ना की त्याचे दोन्ही हात छातीवर घडी घालून देतात, मान थोडी खाली वाकवतात आणि सांगतात आजीला 'आ' कर. आपण कसं बाप्पाला जय जय कर म्हणतो आणि पोरगं हात जोडतं, अगदी तेच. आमच्याकडे दूधवाला येवो, लिफ्टमधल्या आजी भेटोत, बाई लगेच सांगायच्या 'आ' कर, आणि समोरचा माणूस इतका विरघळून जायचा की पोराला लगेच कळलं हा शब्द म्हटला की लोक हसतात, जवळ घेतात. शब्द शिकण्यासाठी याहून मोठं बक्षीस काय असणार सांग.

दुसरं म्हणजे मम मम. खाऊला तिथेही मम मम च म्हणतात, त्यामुळे तो शब्द तुला फुकट मिळालाय. मग 'बे', म्हणजे उचलून घे, हा उत्तरेकडचा, तुमच्याकडे सायगॉनला 'बोंग' किंवा 'अम' म्हणतात बहुतेक. आणि 'दि चऽय' म्हणजे भुर्र जायचं, फिरायला. हे चप्पल दिसली की म्हणायचं, म्हणून पटकन बसतं. लपाछपीला आपण भोऽऽक करतो तिथे 'उ वाऽ' करतात. टाळ्या वाजवायला लावताना 'ह्वान हो'. पापा दे साठी हनोईत 'थऽम', तुमच्याकडे 'हुन'.

आणखी एक, कुणी बाळाचं कौतुक करताना उत्तरेकडे आधी 'चोम विआ' म्हणतात, दृष्ट लागू नये म्हणून. थेट "किती गुटगुटीत" असं म्हणत नाहीत. हे तुझ्यासाठी, बाळासाठी नाही. पण तिकडच्या आज्या तू हे म्हटलंस की एकदम आपल्या होतात.

स्वरसाधना

मी पुण्यात व्हिएतनामी भाषांतराचं काम करते, थोडीफार शिकवणीही. सुरांबद्दल लिहिते कारण मूळ धास्ती तीच दिसतेय.

उत्तरेच्या बोलीत सूर 6. सपाट, उतरता, चढा, मग एक खाली जाऊन किंचित वर वळणारा, एक मधेच तुटून वर जाणारा, आणि एक जड दाबलेला. दक्षिणेत, म्हणजे तुझ्या घरात, त्यातले वळणारा आणि तुटका हे दोन एकच होऊन जातात, म्हणून प्रत्यक्षात 5. आणि जड सूरही तिकडे हनोईसारखा घसा आवळून नसतो, मऊ असतो. म्हणजे तुला उगाच सहा सहा सूर घोटत बसायचं कारण नाही, तुझ्या सासूबाई जसं बोलतात तेच तुझं प्रमाण.

आता बाळासाठी. सूर वेगळे शिकवायचे नसतातच, ते शब्दाला चिकटूनच येतात. तरी तुझ्या स्वतःच्या तोंडाला वळण लागावं म्हणून खेळ सांगते. कोंबडा. आपला कोंबडा कुकूचकू करतो, व्हिएतनामी कोंबडा 'ऑ ऑ ऑ' करतो, पण पहिला ऑ उतरता, दुसरा चढा, तिसरा सपाट. तीन सूर एका आरवण्यात! रोज सकाळी बाळाला उचलून खिडकीशी नेऊन हे करायचं, हात खाली, हात वर, हात सरळ. बाळाला मजा आणि तुला रियाज. 'उ वाऽ' मधेही तेच आहे, उ चढा आणि वा उतरता. मांजर 'मॅओ' उतरता. गाय 'बॉ' उतरता, आणि तिच्या हंबरण्याला दक्षिणेत 'उम बॉ' म्हणतात. बदक 'काप काप', दोन्ही जड आणि तुटक. कुत्रा मात्र 'गऊ गऊ' करतो, सपाट, त्यामुळे मराठी भूभू आणि हम्मा शेजारी ठेवून खेळ करता येतो.

चाओ हा शब्द नीट ऐक सासूबाईंकडून. उतरता चाओ म्हणजे नमस्कार, चढा चाओ म्हणजे तांदळाची पातळ पेज, जी आता तुझी लेक रोज खात असेल. हे दोन्ही शब्द घरात दिवसभर वापरले जातात आणि संदर्भ इतका स्पष्ट असतो की बाळाचा घोळ होत नाही.

आणि मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळतात त्या लक्षात घे. त आणि थ चा फरक व्हिएतनामीत महत्त्वाचा आहे, इंग्रजी बोलणारे तिथे अडखळतात, आपल्याला तो जन्मतः येतो. घराला 'ञा' म्हणतात, ञ आपल्या मुळाक्षरात आहेच. कठीण आहे तो शब्दाच्या सुरुवातीला येणारा ङ. झोप म्हणजे 'ङू'. आपण ङ कधी सुरुवातीला उच्चारत नाही. 'रंग' म्हणताना 'ग' गाठायच्या आधी थांबायचं आणि तिथूनच 'ऊ' काढायचा, जमतं. बाळाला हे अवघड जात नाही, दोन-अडीच महिन्यांची बाळं 'अंग्गू अंग्गू' करतातच की.

दोन_लेकींचा_बाबा

सगळं वाचतोय, छान माहिती. पण एक शंका, मराठी व्हिएतनामी आणि पुढे शाळेत इंग्रजी, एवढ्याशा जिवावर तीन भाषा जास्त होत नाहीत का? आमच्या ओळखीत एका मुलीला दोन वर्षांपर्यंत फारसं बोलता येत नव्हतं तर सगळे म्हणाले एकच भाषा ठेवा. विरोध म्हणून नाही, काळजी म्हणून विचारतोय.

वाचा_आणि_भाषा

मी लहान मुलांच्या वाचा-भाषा उपचारात काम करते म्हणून यावर बोलते. दादा, तुमची काळजी समजते पण दोन किंवा तीन भाषा ऐकल्यामुळे मूल मुकं राहतं किंवा गोंधळतं असं नाही. बोलणं खरंच उशिरा येत असेल तर त्याचं कारण शोधायचं, आधी कान तपासायचे, भाषा काढून टाकायची नाही. घरातली एक भाषा बंद केली की बऱ्याचदा एक आजी किंवा एक आजोबा मुलापासून तुटतात. आणि शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. दोन वर्षांच्या सुमारास साधारण 50 शब्द आणि दोन-दोन शब्द जोडणं अपेक्षित असतं, त्यात 20 मराठी आणि 30 व्हिएतनामी असले तरी ते 50 च. माऊ आणि मॅओ दोन्ही म्हणत असेल तर दोन शब्द धरा.

कानाबद्दल थोडं. 1984 साली वर्कर आणि टीस या कॅनडातल्या संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या बाळांवर प्रयोग केला होता, त्यात त्यांनी हिंदीतला त आणि ट चा फरक वापरला. 6 ते 8 महिन्यांच्या बाळांना तो फरक ऐकू यायचा, वर्षाच्या आसपास पोचेपर्यंत तो बराच ओसरायचा कारण तो त्यांच्या घरात कुणी बोलतच नव्हतं. म्हणजे पहिल्या वर्षात कान घरातल्या भाषेला बसतो. ताई, तुझ्या लेकीच्या कानावर बापाचे आणि आजीचे अस्सल सूर रोज पडतायत, ते तिच्यात बसतायत. तू मधे एखादा 'चाओ' वाकडा म्हटलास तर ते बिघडणार नाही. मूल रोज ज्याच्याकडून जास्त ऐकतं त्याचं उचलतं.

पण ऐकणं जिवंत माणसाकडून हवं. 2003 साली पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत 9 महिन्यांच्या बाळांना मँडरिन ऐकवली, काहींना समोर बसलेल्या माणसाकडून खेळत, वाचत, आणि काहींना तेच टीव्हीवरून. समोरासमोर ऐकलेली बाळं मँडरिनचे ध्वनी ओळखायला शिकली, टीव्हीवाली नाही. म्हणून व्हिएतनामी बालगीतांचे व्हिडिओ लावून ठेवणं म्हणजे शिकवणं नव्हे. सासूबाई गावी असताना व्हिडिओ कॉल करत असतील तर ते मात्र वेगळं, कारण त्या बाळाला उत्तर देतात. तो कॉल रोज करा.

माझं मत स्पष्ट सांगते, तू मुख्य भाषा मराठीच ठेव. तुझी लाडीक, रागावलेली, कुजबुजती, सगळी भाषा मराठीत आहे आणि बाळाला त्या सगळ्या छटा हव्यात. व्हिएतनामी तू खेळात, जेवणात, सासूबाईंच्या सोबतीने बोल.

स्वरसाधना

वाचाताईंशी सहमत, एकच जोडते. खेळापुरतं का होईना पण बोलच. आई आपल्या बापाची भाषा बोलायला धडपडते हे मुलाने बघावं. आई त्या भाषेत गप्पच बसली तर मूल मोठेपणी तिच्याशी त्या भाषेतलं काहीच वाटून घेत नाही, हे मी बऱ्याच घरात पाहिलंय.

आणि राहिलं ते सगळ्यात महत्त्वाचं. व्हिएतनामीत सर्वांसाठी एकच 'मी' आणि एकच 'तू' नसतं, घरात नातं हेच सर्वनाम. आई स्वतःला 'मा' (चढा) म्हणते आणि मुलाला 'कॉन'. मूलही आईशी बोलताना स्वतःला 'कॉन' म्हणतं. पण तेच मूल धाकट्या भावंडाशी बोलताना थोरलं असतं, शेजारच्या ताईपुढे धाकटं असतं, आणि स्वतःला दरवेळी वेगळं म्हणतं. म्हणून पहिले शब्द नात्यांचे. माणूस समोर आला की आधी तो आपला कोण लागतो हे बाळाला सांगायचं. हे नाही केलं तर पुढे पोराला वाक्यच सुरू करता येत नाही, परदेशात वाढलेली किती तरी मुलं आजीसमोर गप्प होतात ती शब्द येत नाहीत म्हणून नाही, स्वतःला काय म्हणायचं तेच ठरत नाही म्हणून.

यात मराठी घरातल्या बाळाची केवढी सोय आहे बघ. इंग्रजीत सगळे अंकल. आपल्याकडे काका मामा आत्या मावशी वेगळे आणि त्यांच्याकडेही वेगळे. काका 'चू', मामा 'कऊ', आत्या 'को', मावशी 'यी'. फक्त बापाचा थोरला भाऊ असेल तर 'चू' नाही, 'बाक'. आईच्या आईला 'ङ्वाय', बापाच्या आईला 'नोय', दक्षिणेत मुलं पुढे 'बा' म्हणजे आजी हा शब्द न लावता नुसतं 'नोय' अशीच हाक मारतात. तुझ्या सासूबाई म्हणजे नोय.

मेकाँगची_सून

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. हो हो, सासूबाई स्वतःला नोयच म्हणवतात, "नोय आली, नोय भरवते" असं.

आमच्याकडे तर क्रमांकाचंही आहे. दक्षिणेत थोरल्या अपत्याला 'हाय' म्हणजे दोन म्हणतात, पुढच्याला 'बा' म्हणजे तीन, एक नंबर कुणालाच देत नाहीत. त्यामुळे माझा नवरा मधला असला तरी घरात तो 'चार' नंबरचा. बाळाला नोय एकेका फोटोवर बोट ठेवून सांगत असतात, ही आत्या दोन नंबरची, हा काका पाच नंबरचा. मला वाटायचं एवढ्याशा पोरीला हे कशाला. आता कळतंय की हाच तर पाठ आहे.

एक विचारायचं राहिलं. मी तिला मला 'आई' म्हणायला शिकवतेय आणि इथे 'आइ' म्हणजे कोण? असा प्रश्न. ती आई आई करत रांगत आली की नोय दरवेळी उत्तर देतात, "नोय आहे मी!" घरात हसू होतं पण पुढे अडचण येईल का?

वाचा_आणि_भाषा

नाही येणार. हाक मारायची लकब आणि प्रश्नाची लकब मुलाला खूप लवकर वेगळी कळते. आई हाच शब्द ठेव, तो तुझा आहे.

सांगलीची_आजी

मी वयाने मोठी आहे, टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या. माझी सून व्हिएतनामी, कुटुंब सायगॉनकडचं, 1975 नंतर अमेरिकेत गेलेलं, आता सगळे सॅन होजेला. नातवाच्या पहिल्या महिन्याला मी तिथे होते. त्यांच्यात महिना भरला की 'दय थांग' करतात. बारा बा मू म्हणजे बाळ घडवणाऱ्या बारा देवी, त्यांना गोडाचा नैवेद्य दाखवतात. मला लगेच आपली पाचवी आणि सटवाई आठवली. मग माझ्या विहीणबाईंनी एक फूल घेतलं, बाळाच्या तोंडावरून हळू हळू फिरवलं आणि म्हणत राहिल्या, तोंड उघडलं की त्यातून फुलं यावीत, तोंड उघडलं की लोकांनी जीव लावावा, अशा अर्थाचं काहीतरी, सुनेने मला मराठी-इंग्रजीत सांगितलं. बाळाचं बोलणं गोड व्हावं म्हणून हा विधी. मला फार फार आवडलं. शब्द यायच्या आधी शब्दांसाठी आशीर्वाद. कोल्हापूरच्या मुली, तुझ्याकडे झाला असेलच.

आणि घरातलं नाव वेगळं असतं त्यांच्यात. कागदावरचं नाव सुंदर, पण घरात कुणी कोळंबी, कुणी मका, कुणी पिल्लू, कुणी रेडकू. पूर्वी बाळ गोंडस आहे हे वाईट नजरेला कळू नये म्हणून असली नावं ठेवायचे. आपल्याकडे मूल जगत नसलं की दगडू धोंडू केरू ठेवायचे ते याचसाठी. आमचा नातू घरात 'बप' म्हणजे मका. दक्षिणेचा शब्द आहे हो हा. बाळ स्वतःचं नाव सगळ्यात आधी ओळखतं, तेव्हा घरातलं नाव ठेवलं नसलं तर ठेव, एका अक्षराचं, सूर स्पष्ट असलेलं.

मी त्याच्याशी मराठीच बोलते. विहीणबाई व्हिएतनामी. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही पण बप दोघींकडे बघून हसतो.

मेलबर्नकर

पुस्तकांचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. मेलबर्नला फुट्सक्रे आणि स्प्रिंगव्हेल भागात व्हिएतनामी वस्ती मोठी आहे, ऑस्ट्रेलियात घरी बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीखेरीज भाषांत 2021 च्या जनगणनेत व्हिएतनामी तिसरी होती. आमची बायको तिकडचीच, घरात दक्षिणेची बोली, पण पुस्तकं येतात ती बरीच हनोईची. मग डुक्कर पुस्तकात 'लऽन' आणि घरात 'हॅओ'. मका 'ङो' आणि 'बप'. वाटी 'बात' आणि 'चॅन'. चमचा 'थिअ' आणि 'मुओंग'. फळाच्या नावाआधी लावायचा शब्द तिकडे 'क्वा' इकडे 'त्राय'. अननस तिकडे 'ज़ुअ', इकडे 'थऽम' किंवा 'खॉम', आणि वर हनोईडायरीताई म्हणतात तसं तिकडे थऽम म्हणजे पापा!

आमचा नियम साधा. जो मांडीवर घेऊन वाचतो त्याचा शब्द खरा. पुस्तकातल्या शब्दावर कागदाची पट्टी चिकटवून घरचा शब्द लिहून टाकला. बाळ वाचत नाही, ते चित्र बघतं आणि आवाज ऐकतं. हनोईचे शब्द शाळेत, बातम्यांत आपोआप येतात, दक्षिणेतली मोठी माणसंही ते समजतातच. पण आजीचा शब्द आजीखेरीज कोण देणार. सासूबाईंचं ऐक.

बाकी व्याकरणाचं टेन्शन घेऊ नकोस, व्हिएतनामीत क्रियापद बदलत नाही, खातो खाते खाल्लं असलं काही नाही. दोन शब्द जोडले, 'कॉन' आणि 'आन' म्हणजे बाळ खातंय, की बोलीत वाक्य पूर्ण. आमची मोठी दीड वर्षाची असताना व्हिएतनामीत अख्खी वाक्यं बोलायची आणि मराठीत नुसते तुकडे, तेव्हा आईला वाटायचं मराठी मागे पडतेय. मागे पडत नव्हती, मराठीत काम जास्त असतं म्हणून वेळ लागतो.

हनोई_डायरी

हे पट्टीचं भारी आहे.

मेकाँगची_सून

थोडं अपडेट. कोंबड्याचा खेळ सुरू केला. नोयना सांगितलं तर त्या म्हणाल्या हे तर आम्ही सगळेच करतो, आणि मग त्यांनी मलाच शिकवायला घेतलं. त्या म्हणतात, मी म्हणते, लेक बघते. तिला अजून 'ऑ' म्हणता येत नाही पण हात मात्र बरोबर खाली वर करते. 'आ' करायलाही लागलीये, मान वाकवते. आमच्याकडे हाकेला ओ देताना 'या' म्हणतात ना (हनोईत 'ज़ा'), तोही घातला आता रोजच्यात.

फूल फिरवण्याचा विधी झाला होता काकू, पण तेव्हा मला अर्थ नीट माहीत नव्हता. नोयना परत विचारून सगळं लिहून घेतलं. घरातलं नाव आहे, 'मॅओ'. ती काही मांजराच्या वर्षातली, म्हणजे 2023 च्या टेटपासून (व्हिएतनामी नववर्षापासून) सुरू झालेल्या वर्षातली नाही, पण सासऱ्यांचं जन्मवर्ष मांजराचं आहे म्हणून त्यांनी हौसेने ठेवलं, चिनी राशीचक्रातल्या सशाच्या जागी इथे मांजर असतं. आणि झोपवताना नोय झोळीत घालतात, आपल्यासारखीच झोळी, आणि 'अऊ अऽऽ' करून लांबच लांब सूर धरतात. मी दुपारी त्याच झोळीत आपली अंगाई म्हणते.

पुढच्या महिन्यात वर्ष होतंय म्हणजे 'थोय नोय', पाळणा सोडायचा दिवस. समोर पेन, कंगवा, पैसे, आरसा असलं मांडून बाळ काय उचलतं ते बघतात. मी त्यात एक मराठी अंकलिपी ठेवणार आहे, नवरा हो म्हणालाय.

आता एकच प्रश्न उरलाय. दीड वर्षाची झाली की पाळणाघरात घालावं लागेल. जे जवळचं आहे तिथल्या मुख्य बाई हनोईकडच्या आहेत, छान आहेत स्वभावाने, पण सूर वेगळे. तोपर्यंत नोयचे सूर पक्के झाले असतील ना?

स्वरसाधना

नात्याचे शब्द, खाण्याचे, झोपेचे, हे दीड वर्षात घट्ट बसलेले असतात. सपाट, चढा, उतरता हे सूर मुलं लवकर धरतात, वळणारे आणि तुटके उशिरा, आणि तुझ्या बोलीत तर ते दोन एकच आहेत. पाळणाघरात ती 'मॅ' (आई) आणि 'बो' (बाबा) ऐकेल, घरी बाबांना 'बा'. व्हिएतनाममध्ये लाखो मुलं हे रोज करतात, घरी एक, शाळेत एक. तू फक्त एवढं कर, त्या बाईंना पहिल्याच दिवशी सांग की आमच्याकडे आजीला नोय म्हणतात, बापाला बा म्हणतात, आणि मला आई. म्हणजे लेक आई म्हणून रडली तर त्यांना ते "कोण?" वाटायला नको.